चैनीचे पैसे कुठे साठवावेत : भिशी की रिकरिंग?

चोवीस हजारांचं, सोन्याच्या निबचं फाउंटन पेन गरज म्हणून खपवता येत नाही. ती सरळसरळ चैन. घरखर्चाला हात न लावता तिच्यासाठी महिन्याला दोन हजार बाजूला टाकायचं ठरलं, की पुण्यात तीन वाटा समोर येतात.

कार्डावरच्या नो-कॉस्ट ईएमआयचं आधी उरकतो. बँक व्याज लावतेच, फक्त तेवढी सूट किमतीतून दिलेली असते. त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आपल्याच माथी, वर बहुतेक वेळा प्रोसेसिंग फी. शून्य टक्के व्याज असं काही नसतं, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं. जाणारी रक्कम तशी किरकोळ, पण पेन खिशात आल्यावर हप्ते भरायला निदान मला तरी उत्साह राहणार नाही.

खरी चुरस भिशी आणि रिकरिंगची, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कम भरायच्या बँकेतल्या ठेवीची (आरडी). दोन्ही केल्या आहेत.

आमच्या सोसायटीतली भिशी चिठ्ठीची, बारा जणांची : दरमहा सगळ्यांनी हप्ता टाकायचा, चिठ्ठीत नाव निघेल त्याने सगळी रक्कम उचलायची. लवकर लागली तर बिनव्याजी कर्ज, शेवटी लागली तर आपण वर्षभर इतरांना वापरायला दिलेले पैसे. कागद नाही, सगळा मामला विश्वासाचा. पण शिस्त म्हणाल तर भिशीसारखी नाही. हप्ता राहिला तर लिफ्टमध्ये नजर चुकवावी लागते, म्हणून तो राहत नाही. शिवाय महिन्याला मिसळ होते, गप्पा होतात.

घोडं अडतं भिशी लागल्यावर. "मग, काय घेणार?" पेन म्हटलं की क्षणभर शांतता, आणि मग सल्ले. कोणी म्हणतं सोन्याचं नाणं घेऊन ठेवा, भाव कुठे चाललाय बघा. एक काका खिशातलं दहा रुपयांचं पेन काढून दाखवतात, "हेही लिहितंच की!" एवढ्यावर संपलं असतं तरी चाललं असतं. पुढच्या महिन्यात तेच काका विचारतात, "काय, लिहिलं का काही?" आपल्याच पैशांनी चैन करायची आणि तिचा खुलासा अकरा जणांना द्यायचा, हे मला जमेना. ज्यांना जमतं त्यांच्याबद्दल आदर आहे.

रिकरिंगमध्ये हा ताप नाही. पगाराच्या दुसऱ्या दिवशी पैसे आपोआप वळते होतात. साडेसहा टक्के धरले तर वर्षाला साधारण साडेआठशे रुपये व्याज पडतं. ते करपात्र आहे, पण शाईच्या दोन बाटल्या त्यात सहज निघाव्यात. पोस्टाचं आरडी मात्र पाच वर्षांचं. पेनासाठी तेवढं कोण थांबणार? बँकेत वर्षाची मुदत मिळते.

उणीव एकच. रिकरिंग मोबाईलवरून मिनिटात मोडता येतं, बँक फार तर व्याजातलं थोडं कापते. हात सैल असेल तर भिशीच बरी, आणि काय घेणार असं कोणी विचारलं तर वॉशिंग मशीन म्हणून सांगावं. स्वतःवर थोडाफार भरवसा असेल तर रिकरिंग उघडा. पुढच्या दिवाळीत खरेदी करायची असेल तर पहिला हप्ता याच दिवाळीच्या पंधरा दिवस तरी आधी जायला हवा, म्हणजे मुदत संपून पैसे वेळेवर हातात येतात.