पिकअप तापतेय? हातपंपाचा प्रेशर टेस्टर कितपत कामाचा

सेकंडहँड पिकअप घाटात तापली की बरेच मेकॅनिक आधी थर्मोस्टॅटच (इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारी झडप) काढून टाकतात. त्याआधी कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, कुठे गळतंय का, एवढं हा टेस्टर रेडिएटरमध्ये हवेचा दाब भरून पंधरा मिनिटांत सांगतो.

इंजिन पूर्ण थंड हवं. रेडिएटर भरून कॅपच्या जागी अ‍ॅडॉप्टर बसवायचा आणि कॅपवर छापलेल्या आकड्याइतकंच पंप करायचं, ०.९ असेल तर ०.९ बार (बार हे दाबाचं एकक). जोर दाखवायला गेलात तर जुन्या रेडिएटरची प्लास्टिक टाकी जोडावर फाटते. काटा उतरू लागला की टॉर्च घेऊन होजच्या क्लिपा, केबिनमधल्या हीटरखालचं मॅटिंग आणि वॉटर पंपाचं बारीक भोक बघा. भोकाखाली वाळलेल्या कूलंटचा रंगीत ओघळ असेल तर पंपाचं सील गेलं. बाहेर सगळं कोरडं, तरी काटा उतरतोय? संशय हेड गॅस्केटवर, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि हेड यांच्यामधल्या सीलवर. दाब सोडा, टेस्टर तसाच ठेवून इंजिन सुरू करा. थंड असतानाच काटा झरझर चढला तर ज्वलनाचा गॅस पाण्यात शिरतोय; लगेच बंद करा.

कॅपही याच पंपाने तपासता येते. ०.९ बारला पाणी साधारण ११८ अंशांना उकळतं. कॅपची स्प्रिंग मेली की दाब टिकत नाही, मग शंभरीलाच.

तक्रार एकच: स्वस्त किटचे रबर वॉशर स्वतःच गळतात. आधी साबणाचं पाणी लावून बघा, नाहीतर चांगलं गॅस्केट उगाच उघडाल. चिखलाने बुजलेली रेडिएटरची जाळी किंवा पंखा फिरवणारं सुस्त फॅन कपलिंग मात्र हा पकडत नाही.