जुना आयसीएफ डबा: मोटारवाहक करावा की रेस्टॉरंट?

२०१८ मध्ये चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीने (आयसीएफ) आपल्या जुन्या पद्धतीचे रेल्वेचे प्रवासी डबे बनवणे थांबवले. अशा डब्याचं आयुष्य साधारण २५ वर्षांचं. मग भंगाराआधी दोन वाटा उरतात: मोटारी वाहून नेणारा मालडबा, म्हणजे एनएमजी, किंवा एका जागी उभं रेस्टॉरंट.

आधी सांगाडा तपासा. हे डबे पोलादी, आणि गंज बहुतेकदा शौचालयाखाली, दारांच्या उंबऱ्याशी धरतो; पाणी तिथेच मुरतं. एनएमजी मोटारवाहक पुन्हा रुळांवर धावणार, म्हणून सोलबार (बाजूच्या भिंतीखालची लांब तुळई) आणि तळाचे पत्रे खाल्ले गेले असतील तर तो नादच सोडावा. रेस्टॉरंटचा डबा एका जागी उभा असतो, तिथे गंजलेला भाग कापून पत्रा जोडला तरी चालतं.

कामाचं म्हणाल तर एनएमजीत बाकं, पंखे, दिवे, शौचालयं काढतात, खिडक्या पत्र्याने बंद करतात, टोकाला रुंद दारं देतात. त्यातून मोटारी एका डब्यातून दुसऱ्यात जातात. रेस्टॉरंटला वातानुकूलन, वायरिंग, सांडपाणी, अग्निसुरक्षा सारंच नव्याने, खर्चही तिथेच. आणि रंगाखाली गंज चालूच राहतो, तळ दरवर्षी बघावाच लागतो.

सांगाडा ठणठणीत असेल तर एनएमजीच करा. चांगला डबा उभा करून ठेवणं वाया घालवणंच. तळ कमजोर, पण स्थानकाबाहेर वर्दळीची जागा असेल, जशी मुंबईच्या सीएसएमटीला, तर रेस्टॉरंट. दोन्ही नसेल तर सरळ लिलाव.