स्टेअरिंग घट्ट झालं म्हणून मी खूश होतो

घट्ट स्टेअरिंग म्हणजे चांगलं स्टेअरिंग, हा माझा समज मला १८,५०० रुपयांना पडला. वर गाडी अकरा दिवस उभी राहिली ती वेगळीच. जुना ट्रक बाळगणारे, स्वतःच चालवणारे माझ्यासारखे बरेच जण आहेत, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय. ज्या दुकानात स्टेअरिंगचं काम केलं त्याचं नाव लिहीत नाही, कारण असं दुकान एकच नाही.

गाडी टाटा १६१३, २००८ ची. माझ्याकडे आली २०१५ मध्ये, दुसऱ्या हाताची. कराडवरून पशुखाद्य, सिमेंट भरायचं, कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला टाकायचं, येताना जांभा चिरा मिळाला तर मिळाला. गाडी आठ वर्षांच्या पुढची, त्यामुळं पासिंग, म्हणजे आरटीओची फिटनेस तपासणी, दरवर्षी. मागच्या पासिंगच्या आधी महिनाभर स्टेअरिंगमध्ये प्ले वाढला. स्टेअरिंगचं चाक चार बोटं फिरवलं तरी गाडीला पत्ताच नाही. शिवाय स्टेअरिंगच्या बॉक्सच्या (चाकाचं फिरणं खाली टायरकडं पोचवणारी दात्यांची पेटी) खालून, ड्रॉप आर्मच्या (बॉक्समधून खाली लोंबणारा लोखंडी हात) वर, लाल तेल गळायचं. सकाळी गाडी काढली की जमिनीवर बशीएवढा डाग.

आमच्या मिस्त्रींना सगळे मामा म्हणतात. वय साठीच्या पुढं, तोंडात कायम तंबाखू. त्यांनी मला केबिनमध्ये बसवलं, इंजिन चालू ठेवून स्टेअरिंग नुसतं डावं-उजवं हलवायला सांगितलं आणि स्वतः खाली शिरले. बाहेर येऊन म्हणाले, "निम्मा खेळ तुझ्या ड्रॅग लिंकच्या एंडमध्ये आहे. आधी एंड बदल, मग टाय रॉडचे बघू, किंग पिन बघू. बॉक्सला सील किट टाकू. मग उरला प्ले तर बॉक्सचा विचार." (ड्रॅग लिंक म्हणजे ड्रॉप आर्मपासून पुढच्या चाकाकडं जाणारा दांडा, एंड म्हणजे त्याच्या टोकाचा सांधा. टाय रॉड पुढची दोन चाकं जोडतो, किंग पिनवर ती वळतात. सील म्हणजे तेल अडवणारं कडं.)

हे ऐकलं असतं तर पुढचं काही लिहावंच लागलं नसतं. पण मामा त्याच आठवड्यात लेकीच्या लग्नासाठी गावाकडं निघाले होते, मला पासिंगची घाई, आणि हायवेवरच्या एका हॉटेलात भेटलेल्या ड्रायव्हरनं सांगितलं की अमुक ठिकाणी एक जण फक्त स्टेअरिंग गिअरचंच काम करतो, "स्पेशालिस्ट आहे, नव्यासारखा करून देतो." स्पेशालिस्ट हा शब्द असा आहे की तो कानावर पडला की आपण खिशावरचा हात आपोआप काढतो.

रस्त्याकडेच्या एका गॅरेजात बॉक्स उतरवून घेतला आणि भाच्याच्या पिकअपमध्ये टाकून गेलो. दुकान मोठं. बाहेर काळ्या रंगानं चमकणारे दहा-बारा बॉक्स ओळीनं मांडलेले, जसे मिठाईवाल्यानं पेढ्याचे पुडे लावावेत. आत भिंतीला टेस्ट बेंच, त्यावर गेज, पाइप आणि झेंडूची वाळकी माळ. शेठ बोलायला गोड. "मालक, बसा. प्रत्येक बॉक्स आम्ही बेंचवर प्रेशर देऊन चेक करतो. आत तेल सुटतंय का, व्हॉल्व्ह बरोबर उघडतोय का, सगळं दिसतं." त्या बेंचच्या मोटारीची वायर तिच्याच अंगाला गुंडाळून ठेवलेली मी बघितली. पाइपांवर बोटभर धूळ होती, तेलाचा ओलावा कुठंच नव्हता. डोळ्यांना सगळं दिसत होतं, पण मी डोळ्यांचं ऐकलं नाही.

दुकानातल्या पोरानं माझ्यासमोर बॉक्स उघडला. ज्यांनी बघितला नसेल त्यांच्यासाठी सांगतो: स्टेअरिंगच्या दांडीला जोडलेला वर्म, म्हणजे आट्यांचा दांडा, असतो, त्याच्यावर छऱ्यांच्या ओळीवर सरकणारा नट, म्हणजेच पिस्टन. त्या पिस्टनच्या दात्यांत अडकलेला सेक्टर शाफ्ट खाली बाहेर येतो, त्याच्या खाचेदार टोकावर ड्रॉप आर्म बसतो. दांडीच्या आत एक बारीक टॉर्शन बार असतो. आपण चाक फिरवलं की तो किंचित पिळतो, त्या पिळानं व्हॉल्व्ह उघडतो आणि पंपाचं तेल पिस्टनला ढकलतं. पोरानं छरे ताटलीत सांडले, शेठनं एक उचलून उजेडात धरला. "बघा, खाल्लाय. वर्म गेलाय, शाफ्ट गेलाय. नवा घेतला तर चाळीस हजारांच्या पुढं जाल. मी साडेअठरात फुल काम करून देतो, सहा महिने गॅरंटी." मला तो छरा इतर छऱ्यांसारखाच दिसला. पण मी मान हलवली, दहा हजार रोख दिले आणि चहाला गेलो. परत आलो तेव्हा टेबल मोकळं होतं, माझा बॉक्स "आत धुवायला" गेला होता.

ना त्यावर लोखंडी पंच ठोकून खूण केली, ना प्लेटवरच्या नंबरचा फोटो काढला. घरची शेळीसुद्धा आपण कान बघून ओळखतो.

तीन दिवसांचे अकरा झाले. कधी माल मुंबईवरून यायचाय, कधी लाइट नाही, कधी ग्राइंडिंगवाला आजारी. अकराव्या दिवशी बॉक्स मिळाला. काळाभोर, रंग अजून हाताला चिकटत होता. उरलेले साडेआठ हजार मोबाइलवरून पाठवले. बिल मागितलं तर वहीतलं पान फाडून दिलं: "स्टेरिंग गेर फुल काम". जीएसटी नंबर नाही, कोणते पार्ट बदलले ते नाही, सहीसुद्धा नाही. "जुने पार्ट?" मी विचारलं. "मालक, ते भंगार घेऊन काय करणार? तेलकट आहे, गाडी खराब होईल."

बसवल्यावर पहिली चक्कर मारली आणि मी खरंच खूश झालो. प्ले नाही म्हणजे नाही. चाक हातात असं भरलेलं लागत होतं की शोरूममधून काढल्यासारखं वाटावं. पासिंगही झालं.

चौथ्या दिवशी नऊ टन पशुखाद्य भरून कुंभार्ली उतरत होतो. हेळवाक सोडलं, धुकं होतं. पोफळीच्या आधीची वळणं ज्यांनी उतरली आहेत त्यांना ठाऊक आहे, तिथं वळण घेतलं की हात सैल सोडायचा, चाक आपलं आपण सरळ होतं. त्या दिवशी ते झालं नाही. वळवलं तिथंच राहिलं. गाडी वळतच राहिली आणि समोरून एसटी वर येत होती. मी दोन्ही हातांनी चाक ओढून परत आणलं. शेजारी बसलेल्या पोराचा पाय माझ्याआधी ब्रेकवर दाबलेला, त्याच्यापुढं ब्रेक नसताना. एसटीवाल्यानं काच खाली करून जे बोलायचं ते बोलून घेतलं. त्याची चूक नव्हती.

त्यानंतर बघतो तर सरळ रस्त्यावरही तेच. गाडी जराशी डावीकडं गेली की डावीकडंच, उजवीकडं ओढली की उजवीकडंच. दिवसभर चाकाशी झोंबी. खांदे भरून यायचे. तिसऱ्या आठवड्यात खालून परत तेल सुरू, आधीपेक्षा जास्त.

मामा परत आले होते. त्यांनी जॅकवर पुढची चाकं उचलली, ड्रॅग लिंक सोडवली आणि नुसतं स्टेअरिंग फिरवलं. दोन्ही टोकांना मोकळं, बरोबर मधोमध आलं की जड. "इथं मेख आहे," म्हणाले. बॉक्सच्या वरच्या झाकणावर एक स्क्रू असतो, लॉकनटवाला. तो आवळला की सेक्टर शाफ्ट पिस्टनच्या दात्यांत जास्त घुसतो. दाते मुद्दाम असे कापलेले असतात की मधोमध सगळ्यात कमी फट राहावी. झिजलेल्या बॉक्सचा हा स्क्रू आवळून टाकला की प्ले नाहीसा होतो आणि गिऱ्हाईक हसत घरी जातं. पण मध्यावर बॉक्स जाम धरतो, म्हणून वळणातून चाक परत येत नाही. माझा प्ले दुरुस्त झालाच नव्हता, तो पान्यानं दाबून ठेवला होता. ड्रॅग लिंकचा एंड तर तसाच लुळा होता, त्याला कुणी हातही लावला नव्हता.

बॉक्स उघडला. सील तेवढे नवे. बाकी छरे, बेअरिंग, सगळं जुनं. मग मामांनी शाफ्टचं खालचं टोक चिंधीनं पुसलं आणि बराच वेळ बघत बसले. दोन-तीन वर्षांपूर्वी ड्रॉप आर्म काढताना त्यांनीच आर्मवर आणि शाफ्टच्या टोकावर छिन्नीची एक-एक खूण केली होती. आर्मवरची खूण होती. शाफ्टवर नव्हती.

"नवा टाकला म्हणावं, तर हा जुना आहे. जुनाच ठेवला म्हणावं, तर हा तुझा नाही," मामा म्हणाले.

आणि हा दुसऱ्याचा जुना शाफ्ट कसला, तर सील जिथं फिरतो तिथं घळ पडलेली, ती वेल्डिंगनं भरून लेथवर ओढलेली. बोट फिरवलं तर लेथच्या रेघा नखाला लागत होत्या, वेल्डिंगमध्ये सुईच्या टोकाएवढी भोकं. त्यावर नवा सील तीन आठवडे टिकला हेच नवल. मामांनी शाफ्ट रॉकेलमध्ये बुडवला, कोरडा पुसला, आणि माझ्या पोरीच्या दप्तरातला खडू मागवून त्याची पूड त्यावर भुरभुरली. आम्ही चहा पिऊन आलो. पांढऱ्या पुडीत वेल्डिंगच्या कडेनं केसाएवढी एक ओली रेघ उमटली होती. भेगेत शिरलेलं रॉकेल बाहेर येत होतं.

हा शाफ्ट कठीण केलेल्या पोलादाचा असतो. त्यावर वेल्डिंगची उष्णता गेली की तिथला कठीणपणा जातो आणि कडेला तडकायची तयारी होते. तो तुटला तर वर चाक मोकळं फिरतं आणि खाली टायरला काही कळत नाही. मी पोफळीच्या वळणावरच्या त्या एसटीचा विचार केला आणि मला बसावं लागलं.

शेठला फोन केला. पहिल्यांदा, "घेऊन या, बघू." दुसऱ्यांदा, "ओव्हरलोड भरली असणार." तिसऱ्यांदा, "तुमच्या मिस्त्रीनं उघडला ना? मग गॅरंटी संपली." माझा मूळचा बॉक्स कुठंय विचारलं तर म्हणे हाच तुमचा. त्यानंतर नंबर लागायचा बंद झाला.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन केला. तक्रार व्यवस्थित नोंदवून घेतली, पण ते मध्यस्थी करतात, दंड करू शकत नाहीत. दुकानानं उत्तरच दिलं नाही. मग वकील गाठला. मला वाटत होतं ट्रक म्हणजे धंदा, धंदेवाल्याला ग्राहक आयोग कुठला? वकिलांनी सांगितलं की स्वतः चालवून पोट भरणाऱ्याला २०१९ च्या कायद्यात ग्राहक धरतात, आणि तक्रार दुकानाच्या नाही तर आपल्या राहत्या जिल्ह्यातही करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षांची. तुमच्याकडं काय आहे, ते विचारलं. वहीचं पान आणि साडेआठ हजारांची मोबाइलवरची नोंद. रोख दिलेल्या दहा हजारांचा पुरावा म्हणजे माझी शपथ. खडूची रेघ दिसणारे फोटो मात्र मामांच्या पुतण्यानं काढून ठेवले होते, तेच कामाला आले. नोटीस गेल्यावर शेठचा नंबर परत लागायला लागला. खूप घासाघीस होऊन दहा हजार परत मिळाले. वकिलांचे पंधराशे त्यातूनच गेले. माझा बॉक्स मिळाला नाही. तो काळा रंग मारून कुणाच्या तरी गाडीला बसला असणार, आणि खरं सांगायचं तर त्या माणसाचं नशीब चांगलं, माझा शाफ्ट वेल्डिंगचा नव्हता.

ड्रॅग लिंकचे एंड बदलले, स्टेअरिंगच्या तेलाच्या डबीतला फिल्टर बदलला (तोही कुणी बघितला नव्हता, काळ्या चिखलानं भरलेला), आणि हप्त्यावर कंपनीच्या डीलरकडून नवा बॉक्स घेतला. बसवायच्या आधी मामांनी त्याच्या पायावर पंचनं तीन टिंबं मारली आणि मला फोटो काढायला लावला. आता पंप असो, डायनामो असो, गाडीवरून उतरणाऱ्या प्रत्येक वस्तूला ती तीन टिंबं असतात. काम देताना मी आधीच सांगतो की जुने पार्ट पिशवीत घालून द्यायचे, तेलकट असले तरी. यावर एक दुकानदार नाराज झाला. मी दुसऱ्याकडं गेलो.

तो खोटा बॉक्स वर्षभर शेडमध्ये पडून होता, तक्रारीचा मुद्देमाल म्हणून. प्रकरण मिटल्यावर भंगारवाला आला, काट्याला लावायला लागला. मामा म्हणाले, थांब. शाफ्ट बाहेर काढून गॅसकटरनं मधोमध कापला, दोन तुकडे वेगवेगळे टाकले, मग बॉक्स दिला. अकराशे रुपये आले.