60 डॉलरची वॉकी-टॉकी आणि तो शेवटचा 'बीप': एका सीझननंतरचा अनुभव

स्पेसिफिकेशन सगळीकडे आहेत, पुन्हा लिहीत नाही. एफआरएस (अमेरिकेतली घरगुती वापराची रेडिओ सेवा), लायसन्स लागत नाही, 22 चॅनेल. खोक्यावर छापलेले मैल कुणी मनावर घेऊ नयेत, आणि आम्हाला मैल हवेत कशाला? कॅलिफोर्नियातल्या एका छोट्या ड्रॉपझोनवर, म्हणजे पॅराशूट-उड्यांच्या तळावर, मी शनिवार-रविवार स्कायडायव्हिंगच्या विद्यार्थ्यांना शिकवतो. लँडिंग एरियाच्या कडेला उभं राहायचं आणि कॅनॉपीखाली (उघडलेल्या पॅराशूटखाली) लटकत येणाऱ्याला धावपट्टी, झाडं, तारा चुकवून खाली आणायचं. एक सेट त्याच्याकडे, एक माझ्या हातात. ड्रॉपझोनचे जुने सेट खरखरायला लागले, मालक 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणत राहिला, शेवटी पदरमोड केली.

आवाज उत्तम, वाऱ्यातही शब्द कळतो. की-लॉक आहे, त्यामुळे पट्ट्याखाली दाबून चॅनेल बदलत नाही. प्रायव्हसी कोडच्या नावावर जाऊ नका, चॅनेल सगळ्यांचाच असतो. एका दुपारी जवळच्या कॅम्पग्राउंडवरची मुलं आमच्या चॅनेलवर आइसक्रीमवरून भांडत होती आणि माझा विद्यार्थी 800 फुटांवर ते ऐकत होता.

आता बीप. बटण सोडलं की समोरच्या सेटमध्ये 'टिंग' वाजतो, 'माझं बोलून झालं' या अर्थाचा. अर्ध्या सेकंदाचा असेल. तो बंद करायची सोय मेनूत नाही, मॅन्युअलमध्ये नाही. विक्रेत्याला तीन मेल टाकल्या. उत्तर एकच, हे फीचर आहे, दोष नाही. अहो, डोंगरावर कुटुंब शोधणाऱ्याला असेल फीचर! विद्यार्थ्यांची 260-280 चौरस फुटांची कॅनॉपी ब्रेक न ओढता सेकंदाला साधारण 15 फूट खाली येते. फ्लेअर, म्हणजे दोन्ही टॉगल (ब्रेकच्या दोऱ्यांच्या मुठी) एकदम खाली ओढून वेग मारणं, सुरू करायचा 10 ते 12 फुटांवर. अर्धा सेकंद म्हणजे सात-आठ फूट गेले. एका धडधाकट गड्याचा फ्लेअर दरवेळी उशिरा यायचा. पाय-गुडघे जुळवून पडायचं, म्हणजे पीएलएफ, पक्कं घोटवलेलं होतं म्हणून घोटे वाचले. विचारलं तर म्हणाला, "तुमचं बोलणं संपायची वाट बघत होतो." बीप वाजला की मगच हात खाली!

दुसरी खोड बटणाची. दाबताक्षणी बोललं तर पहिला शब्द कापला जातो. 'डोन्ट टर्न राइट' मधला 'डोन्ट' गेला की काय उरतं ते बघा. म्हणून नकारार्थी सूचना द्यायचीच नाही. काय कर तेवढंच सांगायचं, तेही आधी कॅनॉपीचा रंग पुकारून, नाहीतर दोघं हवेत असले की दोघंही डावीकडे वळतात. नागपूरच्या एका मुलीला मराठीत सांगायचा मोह झाला होता, पण जमिनीवर जे शब्द घोटवले तेच वर जायला हवेत.

इथपर्यंत माझं मत पाचपैकी दोन तारे होतं. मग चिडून 140 डॉलरची, बीप बंद करता येणारी दुसरी जोडी घेतली. फरक पडला का? थोडा. तोच गडी आता बीपऐवजी माझ्या आवाजाची वाट बघायला लागला.

एका रविवारी स्वस्त सेटची रिचार्जेबल बॅटरी ऐन डाउनविंडवर, म्हणजे उतरायच्या ठरलेल्या मार्गाच्या (पॅटर्नच्या) वारा पाठीशी असलेल्या टप्प्यात, मेली (निर्देशकावर दोन काड्या दिसत होत्या, तोही खोटारडा). वर तीच नागपूरची मुलगी. आधी "ऐकू येत असेल तर पाय हलव" म्हटलं, पाय हलले. नंतर काहीच नाही. मी खाली नुसता हात चोळत उभा. तिनं 600 फुटांवर बेस (वाऱ्याला आडवा टप्पा) घेतला, 300 च्या आसपास फायनल (वाऱ्याला तोंड करून शेवटचा), नजर पायांखाली न ठेवता समोर, आणि फ्लेअर अगदी वेळेवर. उभी उतरली. रेडिओ बंद पडला तर काय करायचं हे पहिल्या उडीच्या वर्गातच शिकवतो, आणि तिनं सकाळी गवतात चालून पॅटर्न पुन्हा पुन्हा पाठ केला होता. बाकीचे तेव्हा टेबलाभोवती चहा पीत होते.

तेव्हापासून बोलणं कमी केलं. पॅटर्नच्या वळणाआधी थांबतो, त्याला वळू देतो, चुकलं तरच बटण दाबतो. 200 फुटांखाली तर वळायला सांगतच नाही. वारा पाठीशी घेऊन आला तरी सरळ उतरलेला परवडला, जमिनीजवळ मारलेलं वळण नाही. फ्लेअर उंचावर सुरू केला तर मात्र 'होल्ड, होल्ड' ओरडतो, कारण घाबरून टॉगल वर सोडले की कॅनॉपी पुढे झेपावते आणि माणूस आपटतो. इथे रेडिओची पै न पै वसूल. ए-लायसन्सला, म्हणजे स्कायडायव्हरच्या पहिल्या परवान्याला, लक्ष्याच्या 20 मीटरच्या आत पाच वेळा उतरून दाखवावं लागतं, तेही विनामदत. तेव्हा कानातली सवय लवकर सुटलेली बरी.

तारे साडेतीन. महागडी जोडी परत केली, पैसे मिळाले. स्वस्त जोडीत आता साध्या अल्कलाइन बॅटऱ्या टाकतो आणि दर शनिवारी सकाळी बदलतो. बीपवर मी इलेक्ट्रिकल टेपचा तुकडा स्पीकरवर चिकटवून बघितला. माझा आवाजही गेला, टेप काढून टाकली. कुणाला आतली वायर कापून तो बंद करता आला असेल तर नक्की सांगा, वॉरंटी तशीही संपली आहे.