सेज की ऑटोडिन : लष्करी मेनफ्रेमचा अभ्यास कुठून सुरू करावा?

सेमिनारसाठी म्हणा किंवा निव्वळ आवडीपोटी, शीतयुद्धातले अमेरिकी लष्करी मेनफ्रेम (खोल्या भरून टाकणारे मोठे संगणक) अभ्यासायचे ठरवले की दोन नावे समोर येतात. एक सेज, म्हणजे शत्रूची बॉम्बफेकी विमाने हेरणारी हवाई संरक्षणाची यंत्रणा. दुसरे ऑटोडिन, म्हणजे सैन्याचे लेखी संदेश आणि आकडेवारी ठिकठिकाणी पोचवणारे जाळे. बहुतेक जण सेज उचलतात. ज्यांचे रोजचे काम सर्व्हर, मेसेज क्यू (संदेशांच्या रांगा) आणि लॉग (नोंदी) यांच्याशी आहे त्यांनी मात्र आधी ऑटोडिन वाचावे, असे माझे ठाम मत आहे. ते का, हे सांगण्याआधी सेजला त्याचा मान द्यायला हवा.

सोव्हिएत युनियनने १९४९ मध्ये अणुस्फोट केला आणि अमेरिकेला आकाशाची धास्ती वाटू लागली. एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेने आधीच्या व्हर्लविंड संगणकाच्या अनुभवावर सेजसाठी नव्या यंत्राचा आराखडा केला आणि आयबीएमने ते बांधले. नाव एएन/एफएसक्यू-७. पन्नास हजारांच्या आसपास व्हॅक्यूम ट्यूब (ट्रान्झिस्टरच्या जागी वापरल्या जाणाऱ्या काचेच्या नळ्या), सुमारे २५० टन वजन, तीन मेगावॉटपर्यंत वीज, आणि वेग सेकंदाला साधारण ७५ हजार सूचनांचा. न्यू जर्सीतल्या मॅग्वायर हवाई तळावरचे पहिले केंद्र १९५८ मध्ये कामाला लागले. दूरच्या रडारची माहिती टेलिफोनच्या तारांवरून थेट संगणकात यायची. पडद्यासमोर बसलेला माणूस लाइट गन (पडद्यावरचा प्रकाश टिपणारे पिस्तुलासारखे उपकरण) रोखून विमानाचा ठिपका निवडायचा. त्या कन्सोलमध्ये ॲशट्रे आणि सिगारेट लायटरसुद्धा बसवलेले होते.

सेजमधली सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट देखभालीची आहे. एवढ्या ट्यूब म्हटल्यावर रोज काही ना काही जळणारच. म्हणून प्रत्येक केंद्रात दोन संगणक असत. एक चालू, दुसरा तयारीत. तयारीतल्या यंत्रावर तंत्रज्ञ मुद्दाम व्होल्टेज कमी-जास्त करून चाचण्या चालवत. धडधाकट ट्यूब हा ताण सोसायची. मरायला टेकलेली ट्यूब तिथेच चुकायची, आणि खऱ्या कामात दगा देण्याआधीच बदलली जायची. अशा नाजूक भागांवर चालणारे केंद्र वर्षभरात मिळून काही तासच बंद राहायचे. आज आपण प्रत्यक्ष वापरातल्या सिस्टिमला जाणूनबुजून धक्के देऊन कच्चे दुवे शोधतो. तीच शिस्त तिथे १९५०च्या दशकात होती. तुम्हाला रिअल-टाइम प्रणाली, पडद्यावरचा संवाद किंवा बिघाड सोसणारी रचना यांत रस असेल, तर पुढे वाचायचीही गरज नाही. सेजच घ्या.

आता ऑटोडिन. त्याआधी लष्करी संदेश कसे जात ते बघा. संदेश घेऊन पुढे पाठवणाऱ्या रिले केंद्रात टेलिप्रिंटरला (तारेवरून आलेला मजकूर छापणाऱ्या यंत्राला) जोडलेल्या पंचातून भोके पाडलेली कागदी टेप बाहेर पडे. ऑपरेटर ती फाडून घेई, पत्ता वाची, आणि पुढच्या मार्गाच्या यंत्रात चालत जाऊन लावी. गर्दी वाढली की टेपा तुंबत. हवाई दलाने सुट्या भागांच्या मागण्या आणि साठ्याचे हिशेब पंच कार्डांवरून (भोके पाडून माहिती नोंदवलेल्या कार्डांवरून) पाठवण्यासाठी कॉमलॉगनेट नावाचे जाळे हाती घेतले. वेस्टर्न युनियन या तार कंपनीने उभारलेल्या त्या जाळ्याच्या स्विचिंग केंद्रांत, म्हणजे संदेशाला पुढची वाट देणाऱ्या केंद्रांत, आरसीए कंपनीचे संगणक होते. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला तेच पुढे सर्व दलांसाठी ऑटोडिन झाले. केंद्र संदेश आधी पूर्ण घेई, साठवी, तपासी आणि मगच पुढे धाडी.

खरी गंमत संदेशाच्या पहिल्या ओळीत आहे. सुरुवात अशी असे : आरटीटीयू. यातला आर म्हणजे रुटीन प्राधान्य. टीटी म्हणजे टेपवरून निघून टेपवर जाणारा संदेश (कार्डांसाठी सीसी). यू म्हणजे गोपनीय नसलेला. प्राधान्याच्या चार पायऱ्या होत्या, आणि प्रत्येकीला संदेश पोचवायची मुदत ठरलेली. रुटीनला सहा तास, प्रायॉरिटीला तीन तास, इमीजिएटला अर्धा तास, आणि फ्लॅश दहा मिनिटांच्या आत. फ्लॅश आला की खालच्या दर्जाचा संदेश मध्येच थांबवून त्याला वाट दिली जाई. गोपनीयतेचे अक्षर त्याच ओळीत पुढे चार वेळा पुन्हा लिहावे लागे, यूयूयूयू असे. दोन्ही जागी ते जुळले नाही, तर संगणक संदेश स्वीकारतच नसे. ज्या लाइनला गुप्त मजकुराची परवानगी नाही तिच्यावर तो मजकूर जाऊ नये, म्हणून ही खबरदारी. एका अक्षराच्या चुकीने गुपित फुटू नये, याचा केवढा विचार त्या एका ओळीत आहे!

हा विचार जिथे झाला नाही तिथे काय होते, याचे उदाहरण ३ जून १९८० चे आहे. नोराडकडून, म्हणजे उत्तर अमेरिकेच्या हवाई संरक्षण मुख्यालयाकडून, बाकीच्या मुख्यालयांकडे लाइन जिवंत आहे हे दाखवणारे संदेश सतत जात. त्या संदेशांत, चालून येणाऱ्या क्षेपणास्त्रांची संख्या एरवी शून्य असे. संदेशवहनाच्या उपकरणातली एक चिप बिघडली, शून्यांच्या जागी दोनचे आकडे पडू लागले आणि पडद्यांवर कधी २, कधी २०० क्षेपणास्त्रे दिसली. बी-५२ या बॉम्बफेकी विमानांची इंजिने सुरू झाली. चिप काही सेंटची होती, पण संदेशातली चूक पकडणारी पुरेशी तपासणी तिथे नव्हती. हे प्रकरण वाचल्यावर ऑटोडिनची ती रटाळ वाटणारी पहिली ओळ मला फार मोलाची वाटते.

ऑटोडिनची उणी बाजूही आहे. संदेश संपूर्ण साठवून मगच पुढे नेण्याची रीत संगणकांच्या आपसातल्या झटपट बोलण्याला सोयीची नव्हती. त्याचा पुढचा अवतार, ऑटोडिन-२, १९८२ मध्ये रद्द झाला आणि संरक्षण खात्याने अर्पानेटच्या (इंटरनेटच्या पूर्वजाच्या) तंत्राची वाट धरली.

साहित्याच्या बाबतीत सेज सरळ पुढे आहे. बिटसेव्हर्स या संग्रहावर एएन/एफएसक्यू-७ची स्कॅन केलेली मॅन्युअल आहेत. कॅलिफोर्नियात माउंटन व्ह्यूच्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियममध्ये त्याचे भाग ठेवले आहेत. बे एरियात राहणाऱ्या मराठी मंडळींना तर ते एका सुटीत जमेल. ऑटोडिनसाठी मात्र बरीचशी भिस्त कागदावर. जानॅप १२८ ही त्याची कार्यपद्धतीची पुस्तिका मिळवा आणि पहिल्या ओळीच्या रचनेचे प्रकरण आधी वाचा.

सेमिनारला महिनाभरच हाताशी असेल आणि चित्रे दाखवायची असतील, तर सेज घ्या. सवड असेल आणि नोकरीतल्या कामाला जोड हवी असेल, तर ऑटोडिन. त्यातही प्राधान्य आणि गोपनीयतेची तपासणी या दोनच गोष्टी निवडा. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत चार प्राधान्यांच्या चार रांगा असलेला, संदेश पुढे धाडणारा छोटा स्विच लिहून बघा, अक्षर न जुळणारा संदेश नाकारणारा, आणि फ्लॅश आल्यावर चालू संदेश थांबवणारा. अर्धवट थांबलेल्या त्या संदेशाचे पुढे काय करायचे, हा प्रश्न तिथेच तुमच्यापुढे उभा राहील, आणि सेमिनारचा निम्मा वेळ त्यावर बोलता येईल.