विश्रामबागेतला त्वचेचा दवाखाना: बाबांची खाज
सासरे ७४ वर्षांचे. दोन वर्षं रात्र रात्र खाजवायचे, चादरीवर रक्ताचे डाग. आधी एके ठिकाणी 'वयाची खाज' म्हणून गुंगीची गोळी दिली आणि त्या झोपेत बाबा मोरीत पडले. सांगलीतल्या या डॉक्टरीणबाईंनी बोटांच्या बेचक्या बघून आधी खरूज नाही ना ते तपासलं, चालू गोळ्यांची यादी मागितली, मग ॲटोपिक डर्माटायटिस (खाज सुटणारा एक प्रकारचा इसब) सांगितला. म्हातारपणीही होतो हा, मला ठाऊकच नव्हतं! मलम किती लावायचं तेही दाखवलं: बोटाच्या शेवटच्या पेराएवढी रेघ, बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला. कोमट पाण्याची आंघोळ, अंग ओलसर असतानाच बिनवासाचं मॉइश्चरायझर. महिन्याभरानं बाबा सलग सहा तास झोपले. जिना मात्र फार उभा आहे; खाली एक खुर्ची ठेवाच.