माजी सैनिकांसाठी नाशिक: कुठे काम होतं, कुठे अडतं

देवळालीत तोफखान्याचं केंद्र असल्याने नाशिककर माजी सैनिकाला फार लांब जावं लागत नाही. पहिली पायरी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. ओळखपत्र, विधवांची प्रकरणं, शिष्यवृत्तीच्या कागदांची पडताळणी इथेच. पंतप्रधान शिष्यवृत्तीत मुलींना महिना ३,००० आणि मुलांना २,५०० रुपये मिळतात, पण बारावीला (किंवा डिप्लोमाला) ६० टक्के हवेतच. अर्ज केंद्रीय सैनिक बोर्डाच्या संकेतस्थळावर भरायचा. डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) आणि आधार यांत पत्नीचं नाव किंवा जन्मतारीख जुळत नसेल तर आधी ते रेकॉर्ड ऑफिसकडून (सैनिकाच्या सेवेच्या नोंदी ठेवणारं लष्करी कार्यालय) दुरुस्त करून घ्या. नाहीतर फाईल हमखास परत येते.

ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, पॉलिक्लिनिकची सोय चांगली आहे. मात्र पॅनेलवरच्या रुग्णालयात जाण्याआधी पॉलिक्लिनिकचं रेफरल (शिफारसपत्र) हवं. तातडीच्या वेळी पॅनेलबाहेर दाखल झालात, तर ४८ तासांत पॉलिक्लिनिकला कळवा. बिलाचं घोडं बहुतेक इथेच अडतं.

सगळ्यात जास्त घोळ स्पर्शवर, म्हणजे संरक्षण खात्याच्या ऑनलाइन पेन्शन प्रणालीवर. जीवन प्रमाण (हयातीचा डिजिटल दाखला) भरताना वितरण प्राधिकारी म्हणून सवयीने बँक निवडली जाते. पेन्शन स्पर्शवर गेली असेल तर तिथे ‘स्पर्श – पीसीडीए (पेन्शन्स) अलाहाबाद’च निवडायचं. चुकलं तर दाखला तयार होतो, पण पोहोचत नाही, आणि पेन्शन थांबल्यावर कळतं! त्यामुळे स्पर्शवर लॉगिन करून हयातीच्या दाखल्याची पुढची तारीख बदलली का, ते पाहा.